पाखरांची शकावली : गोदाकाठच्या हिवाळी बातम्यांचा इतिहास

१/ राक्षसभुवन हे नाव उच्चारले की इतिहासाच्या वाचकाला १० ऑगस्ट १७६३ ही तारीख आठवते. आजच्या बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठी, माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या लढाईत मारला गेला. ही तारीख आपल्याला ठाऊक आहे, कारण त्या काळी कोणीतरी ती कागदावर उतरवून ठेवली.

याच काठावर दर हिवाळ्यात हजारो किलोमीटर ओलांडून पाखरांचे थवे उतरतात. त्यांच्या आगमनाची बातमी कोणी लिहिली, केव्हापासून लिहिली आणि कोणत्या भाषेत लिहिली? आजचा धागा या प्रश्नावर आहे.

२/ प्रथम हंगामाची ओळख करून घेऊ. दिवाळी सरते, पहाटे घोंगडीची ऊब हवीशी वाटू लागते, आणि अंगणात, पाणवठ्यावर शेपूट हलवीत धावणारा परीट दिसू लागतो. तलावांवर थापट्या आणि तलवार बदके उतरतात. नदीच्या वाळवंटात चक्रवाकाच्या जोड्या दिसतात. माळरानावर भोवत्या जमिनीलगत तरंगत भक्ष्य शोधतो. ज्वारी निसवली की भोरड्यांचे थवे शिवारावर तुटून पडतात.

याच दिवसांत पक्षिमित्रांचे गटही जागे होतात. ‘पाहुणे आले’, ‘यंदा बदके लवकर दिसली’ असे निरोप फिरतात. छायाचित्रे येतात, त्यांखाली अभिनंदने येतात. बीडपासून अंबाजोगाईपर्यंत हिवाळ्याचा हा एक छोटा सणच असतो.

३/ हे पाहुणे येतात कोठून? भोरडी, म्हणजेच पळसमैना, पूर्व युरोप ते मध्य आशिया या पट्ट्यात वीण घालते. तेथे ती टोळांवर आणि नाकतोड्यांवर जगते. आपल्याकडे येऊन ज्वारीची कणसे टिपते. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा पट्टकादंब हा हंस तिबेट, मंगोलिया आणि मध्य आशियातील सरोवरांकाठी वाढतो. हिमालय ओलांडताना तो ७,००० मीटरहून अधिक उंचीवर उडाल्याच्या नोंदी आहेत. कांड्या करकोचे कझाकस्तान आणि मंगोलियाच्या गवताळ प्रदेशांतून येतात.

एवढ्या दूरच्या प्रवाशांचा मुक्काम आपल्या तालुक्यात पडतो, ही बातमी खरोखर सांगण्यासारखी आहे.

४/ आता एक जुनी तुलना. मराठ्यांच्या इतिहासाची साधने वाचणाऱ्यांना बखर आणि शकावली यांतील भेद माहीत असतो. बखरीत कथा असते, रस असतो, मनुष्यस्वभाव असतो. परंतु तारखांच्या बाबतीत तिच्यावर विसंबता येत नाही. शकावली कोरडी असते. अमुक शके, अमुक तिथी, अमुक घटना. तीत अलंकार नाही आणि भावनाही नाही.

५/ तरीही मोठे वाद मिटवण्याचे काम बहुधा शकावलीनेच केले. लोकमान्य टिळकांच्या हाती आलेली जेधे शकावली १९१६ साली प्रसिद्ध झाली. तीत शिवाजी महाराजांच्या जन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी दिली होती. जन्मतिथीविषयीच्या दीर्घ वादात या त्रोटक नोंदीचे वजन फार मोठे ठरले. आज आपण १९ फेब्रुवारी १६३० ही जी तारीख मानतो, तिच्यामागे ती नोंद उभी आहे. लिहिणाऱ्याने ती लिहिली तेव्हा एवढा पुढचा विचार त्याच्या मनात क्वचितच असेल.

पाखरांच्या इतिहासातही हाच भेद आहे. पुढील सारे वाचताना बखर आणि शकावली हे दोन शब्द लक्षात ठेवावेत.

६/ पाखरांची ‘बखर’ फार जुनी आहे. गोदावरीच्या काठचे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, ही सातवाहनांची राजधानी. हाल सातवाहनाच्या नावाशी जोडलेल्या ‘गाथासप्तशती’त गोदावरी पुनःपुन्हा येते. संस्कृत काव्यात चक्रवाकाची जोडी रात्री विभक्त होऊन एकमेकांना साद घालते, हा संकेत रूढच आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’त पावसाच्या आरंभी राजहंस मानस सरोवराकडे निघतात.

७/ म्हणजे हंस उत्तरेस, हिमालयापलीकडे जातात, ही दिशा कवींना माहीत होती. वेळेचे मात्र काव्य झाले. आज पट्टकादंब बहुधा मार्च-एप्रिलमध्ये, पावसाळ्याच्या बऱ्याच आधी, आपले तलाव सोडतात. मग कवीने पाहिलेला हंस कोणता होता? तो खरोखर आषाढात निघत होता, की मेघासाठी सोबती हवा म्हणून कवीने त्याला थांबवून ठेवले? काव्यावरून याचा निवाडा करता येत नाही. बखरीची मर्यादा ती हीच.

८/ दुसरे ज्ञान शेतकऱ्यांचे. बीड हा रब्बी ज्वारीचा मुलूख. कणसात दाणा भरू लागला की शिवारात माळा उभारून, गोफण हाती घेऊन राखण करावी लागे. भोरड्यांचा थवा एका शेतातून उठला की राखणदार आरोळी देई आणि पुढच्या शेतातला सावध होई. हिवाळी पाखराची बातमी पसरवण्याची ही बहुधा सर्वांत जुनी यंत्रणा. तिचा वेग आजच्या निरोपांहून फार कमी नव्हता.

पाखरू कोणत्या दिवसांत येते, कोणत्या झाडावर रात्रीचा थारा घेते, कोणत्या पिकावर उतरते, हे राखणदाराला अचूक ठाऊक असे. परंतु ही बातमी त्या सुगीपुरतीच असे. पुढच्या वर्षी ती पुन्हा नव्याने दिली जाई आणि मागच्या वर्षीची हवेत विरून गेलेली असे.

९/ तारीखवार, छापील नोंदींचा काळ मुंबईत सुरू झाला. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते : प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. १८८६ पासून सोसायटीचे नियतकालिक निघू लागले. देशभरातून आलेली छोटी टिपणे त्यात छापली जात.

१०/ ती टिपणे कोण लिहीत असे? मुलकी आणि लष्करी अधिकारी, वनाधिकारी, रेल्वेचे अभियंते, मळेवाले. त्यांपैकी अनेकांच्या हाती दुर्बिणीऐवजी बंदूक होती. बदके आणि पाणलावे केव्हा उतरले, ही बातमी शिकाऱ्याच्या कामाची होती. आज विचित्र वाटेल, परंतु आपल्या देशातील हिवाळी पक्ष्यांच्या तारखांचा एक मोठा भाग शिकारीच्या उत्साहातून लिहिला गेला. इतिहासाच्या साधनाकडे पाहताना लिहिणाऱ्याचा हेतू तपासावा म्हणतात, तो यासाठी.

११/ आणि लिहिणाऱ्याचे ठाणेही तपासावे. जेथे छावणी, जेथे कलेक्टरचा मुक्काम, जेथे रेल्वे, तेथून टिपण येणे सोपे. बीड त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सरकारदरबारी उर्दू, सोसायटीच्या नियतकालिकात इंग्रजी आणि शिवारात मराठी. भोरडी ज्याला सर्वांत जवळून माहीत होती, त्याची भाषा दरबारातही नव्हती आणि नियतकालिकातही नव्हती.

कागदावर एखाद्या प्रदेशाचे नाव दिसले नाही, तर तेथे पाखरे नव्हती असा अर्थ होत नाही. तेथे लिहिणारा नव्हता, एवढेच त्यातून निघते. दफ्तरखान्यातील मौन कसे वाचावे, याचा हा एक उत्तम पाठ आहे.

१२/ हे मौन काही अंशी मोडले ते १९३१-३२ साली. सालिम अली १९२९ मध्ये बर्लिनला जाऊन एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकून आले. परतल्यावर पाहतात तो संग्रहालयातील नोकरी उरली नव्हती. काही काळ त्यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे काढला आणि सुगरणीचा प्रसिद्ध अभ्यास केला. मग त्यांनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला : खर्च तुम्ही द्या, मी वेतनाशिवाय तुमच्या प्रदेशातील पक्ष्यांची पाहणी करतो. हा प्रस्ताव प्रथम स्वीकारला तो हैदराबाद संस्थानाने.

१३/ पत्नी तेहमिना यांच्यासह सालिम अलींनी संस्थानात मुक्काम टाकत ही पाहणी केली. ह्यू व्हिस्लर यांच्या टिपणांसह तिचा अहवाल १९३३-३४ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाला. ज्या संस्थानात मराठवाडा सामावलेला होता, त्याच्या पाखरांची ही पहिली पद्धतशीर यादी. त्या काळच्या रीतीप्रमाणे नमुने बंदुकीने टिपून, कातडी जतन करून ओळख पक्की केली जाई.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. पाहणी म्हणजे एका काळाचे चित्र. एखाद्या तलावावर दर हिवाळ्यात काय घडते, ते पाहण्यास त्या तलावाकाठी राहणारा माणूसच लागतो.

१४/ तो माणूस घडवण्याचे काम १९४१ साली निघालेल्या सालिम अलींच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ या पुस्तकाने केले. रंगीत चित्रे आणि सोपे वर्णन हाती आले. पक्षी ओळखण्यासाठी तो मारण्याची गरज उरली नाही. शिक्षक, कारकून, विद्यार्थी असा कोणीही आता खात्रीने लिहू शकत होता की अमुक दिवशी अमुक पाणवठ्यावर अमुक पक्षी पाहिला. शिकाऱ्याच्या हातची लेखणी हळूहळू निरीक्षकाच्या हाती आली.

१५/ याच्या जोडीला आणखी एक विलक्षण पत्रव्यवहार चालू झाला होता. डेन्मार्कमधील शिक्षक हान्स ख्रिस्तियन मोर्टेन्सेन यांनी १८९९ मध्ये पाखरांच्या पायांत क्रमांक कोरलेली धातूची कडी घालण्यास आरंभ केला. भारतात १९२०च्या दशकात मध्य भारतातील धार संस्थानाच्या महाराजांनी, म्हणजे पवार या मराठा घराण्याने, सोसायटीच्या साह्याने बदकांना कडी घालण्याचे काम हाती घेतले. कड्यांवर सोसायटीला कळवा, असा इंग्रजी मजकूर असे.

१६/ पुढे या कामाला मोठा आधार मिळाला तो एका रोगामुळे. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाचा ताप पसरला. त्याचे विषाणू गोचिड्यांमार्फत पसरतात. रशियातील अशाच एका रोगाशी त्याचे साम्य दिसल्याने स्थलांतरित पाखरांनी गोचिड्या आणल्या की काय, हा प्रश्न उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने सोसायटीने मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना कडी घातली.

सांगायचे ते हे की कड्याची गोष्ट पूर्ण होण्यास दुसऱ्या टोकाला एक वाचक लागतो. दूरच्या गावात कोणाला ते कडे सापडावे, त्याने ते टाकून न देता क्रमांक उतरवावा आणि पत्र धाडावे. ते एक पत्र आले नाही, तर पाखराचा सारा प्रवास अलिखितच राहतो.

१७/ आता पुन्हा मराठवाड्याकडे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. याच काळात गोदावरीवरील एका धरणाची कल्पना आकार घेत होती, आणि तिच्या नावात बीडचा एक विसरला गेलेला धागा दडलेला आहे.

१८/ हैदराबाद संस्थानाच्या काळात गोदावरीवर धरण बांधण्याची जी मूळ योजना होती, ती बीड जिल्ह्यात, जायकवाडी नावाच्या गावाजवळ. राज्यपुनर्रचनेनंतर असे दिसून आले की धरण शंभराहून अधिक किलोमीटर वरच्या अंगाला, पैठणजवळ बांधले, तर कालवे लांब नेता येतील आणि अधिक जमीन भिजेल. जागा बदलली. नाव तेवढे राहिले.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली, तर २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्‌घाटन झाले. महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध पाणपक्षी अभयारण्यांपैकी एक आज गोदाकाठच्या त्या लहान गावाचे नाव मिरवते.

१९/ पैठणचा नाथसागर उथळ, बशीसारखा पसरला. अनेक गावे पाण्याखाली गेली, माणसे उठून दुसरीकडे वसली. त्या विस्थापनाचा इतिहास स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. पाणी ओसरताना उघड्या पडणाऱ्या गाळावर लोक गाळपेर करतात. त्याच गाळाच्या कडेला तुतवार, शेकाटे, बदके, रोहित आणि पट्टकादंब चरतात. १९८६ साली येथे जायकवाडी पक्षी अभयारण्य घोषित झाले. येथे दोनशेहून अधिक जातींचे पक्षी आढळतात.

२०/ बीडच्या वाट्याला पाणी आले ते वेगळ्या वाटेने. पैठणचा उजवा कालवा सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणाच्या जलाशयाला पाणी देतो. केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा धरण झाले. बीड शहराजवळ पालीचा बिंदुसरा तलाव आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर मराठवाड्यात असंख्य हातांनी पाझर तलाव खोदले. दुष्काळग्रस्त माणसांनी पोटासाठी वाहिलेल्या मातीच्या त्या बांधांमागे आज हिवाळ्यात बदके विसावतात.

जिल्ह्याचे अभयारण्य म्हणून पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य सर्वांना माहीत आहे. परंतु मोर हा घरचा पक्षी. हिवाळी पाहुण्यांचा मुक्काम असतो तो अशा साध्या, कामाच्या तलावांवर. त्यांना फलक नाही, तिकीट नाही आणि पहारेकरीही नाही.

२१/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न टोचतो. धरणे झाल्याने पाखरे वाढली की कमी झाली? नदीचे वाळवंट आक्रसले तेव्हा चक्रवाकाचे काय झाले? माळ नांगराखाली गेले तेव्हा भोवत्या कोठे गेला? अशा प्रश्नांना उत्तर हवे असेल, तर धरणापूर्वीच्या वीस-तीस हिवाळ्यांची सलग, तारीखवार टिपणे लागतात. आठवणींनी हे काम होत नाही. ‘आमच्या लहानपणी आभाळ भरून जाई’ हे वाक्य खरे असते, मनाला भिडणारेही असते. पण ती बखर आहे.

२२/ टिपणांची देवाणघेवाण सर्वसामान्यांपर्यंत नेण्याचे श्रेय मुंबईचे झफर फतेहअली यांना द्यावे लागेल. १९५९-६० मध्ये त्यांनी ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’ हे सायक्लोस्टाइल केलेले पत्रक सुरू केले. शास्त्रीय निबंध लिहू न शकणाऱ्या हौशी माणसाच्या चार ओळींनाही त्यात मान होता. टपालाने बातमी जाई, टपालाने पत्रक येई. नोव्हेंबरात पाहिलेल्या बदकाची बातमी दुसऱ्या गावी पोहोचेपर्यंत बदक आणखी पुढे गेलेले असे. तरीही ती बातमी बाद होत नसे, कारण तीत तारीख असे.

२३/ मराठीत ही चळवळ उभी राहिली १९८१ पासून. लोणावळ्यात भरलेल्या संमेलनातून महाराष्ट्रातील पक्षिमित्रांच्या संमेलनांची परंपरा सुरू झाली. गावोगावचे शिक्षक, डॉक्टर, वनकर्मचारी आणि विद्यार्थी आपापल्या पाणवठ्यांची माहिती मराठीत सांगू लागले. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीच्या काळात रानातल्या माणसांकडून पाखरांची नावे वेचली आणि ‘पक्षीकोश’ मराठीला दिला. ज्या भाषेला कधीकाळी नियतकालिकात जागा नव्हती, तीच भाषा आता नोंदवहीची भाषा झाली.

चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ चा आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर १८९६ चा. या दोन तारखांमधील आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. २०२० मध्ये राज्य शासनाने त्यास मान्यता दिली. चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी गेले.

२४/ मोजणीही याच सुमारास नियमित झाली. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. २००७ साली ‘मायग्रंटवॉच’ हा उपक्रम निघाला. आरंभी केवळ नऊ जाती घेतल्या आणि लोकांना एवढेच विचारले : या हिवाळ्यात हा पक्षी तुम्हाला प्रथम कोणत्या दिवशी, कोठे दिसला? पुढे या नोंदी ‘ई-बर्ड’ या जागतिक नोंदवहीत सामावल्या गेल्या. २०१३ पासून फेब्रुवारीतील जागतिक पक्षिगणनेतही भारतीय निरीक्षक उतरले. राखणदाराची आरोळी आता शकावलीत उतरू लागली होती.

२५/ याचे फळ काय, ते २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ अहवालात दिसते. ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी निरीक्षणांवरून ९४२ जातींचा आढावा त्यात घेतला आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला, त्यांतील ६० टक्के जातींची संख्या घटली आहे. दूरवरून येणारे स्थलांतरित आणि पाणथळ जागी जगणारे अनेक पक्षी घट सोसणाऱ्यांत आहेत.

हा निष्कर्ष कोणा एका थोर शास्त्रज्ञाच्या पाहणीतून निघालेला नाही. सुट्टीच्या सकाळी तलावाकाठी उभ्या राहिलेल्या हजारो माणसांच्या कोरड्या, त्रोटक नोंदींतून तो निघाला आहे.

२६/ परंतु अशा संग्रहातही जुना दोष उरतो. जेथे निरीक्षक अधिक, तेथील नोंदी अधिक. मोठ्या शहरांभोवतीचे तलाव दर रविवारी पाहिले जातात. तालुक्याच्या पाझर तलावाकडे वर्षानुवर्षे कोणी दुर्बीण रोखत नाही. एकेकाळी छावणी आणि रेल्वे ज्या ठिकाणी होती तेथूनच टिपणे येत, त्याचाच हा नवा अवतार. फरक इतकाच की आज ही उणीव भरून काढण्यास कोणाची सनद लागत नाही.

२७/ गटांत फिरणाऱ्या निरोपांचे काय? त्यांतील आनंद खरा आहे आणि आवश्यकही आहे. थंडीत पहाटे उठण्यास माणसाला सोबत आणि कौतुक लागते. मात्र छायाचित्र पुढे पाठवताना तारीख गळते, मग गाव गळते, मग टिपणाऱ्याचे नाव गळते. तीन वर्षांपूर्वीचा रोहित यंदाच्या शुभेच्छांसह पुन्हा उडू लागतो. दहा वर्षांनंतर त्यावरून काहीही सिद्ध करता येणार नाही. आपल्या डोळ्यांदेखत शकावलीची बखर होते, ती अशी.

२८/ म्हणून उपाय अगदी साधा. दिनांक, वेळ, गाव व तलाव, किती वेळ पाहिले, कोणते पक्षी, किती. ही एक ओळ आनंदाच्या निरोपातच लिहावी आणि ती एखाद्या कायमच्या नोंदवहीत उतरवावी. सामान्य पक्षी वगळू नयेत, कारण आजचा सामान्य उद्याही सामान्य असेल याची हमी कोणी दिलेली नाही. दुर्मीळ पक्ष्याचे नेमके ठिकाण मात्र चारचौघांत जाहीर करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, पण फासे अजून नाहीसे झालेले नाहीत.

२९/ आणि पक्षी दिसले नाहीत, हेही लिहावे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. अशा वर्षीच्या हिवाळ्यात एखाद्या तलावावर ‘आज गेलो, पाणी नाही, बदक एकही नाही’ ही नोंद शंभर सुंदर छायाचित्रांच्या तोडीची असते. दुष्काळाचा इतिहास लिहिणाऱ्याला टँकरांच्या आकड्यांइतकीच ती उपयोगी पडेल. जमाखर्चात शून्यही मांडावे लागते.

३०/ मार्गशीर्षाच्या अमावास्येला मराठवाड्याच्या या भागात येळवस साजरी होते. घरची माणसे, पाहुणे, शेजारी शेतात जमतात, भज्जी आणि आंबिलाचे जेवण होते आणि भोवताली ज्वारी उभी असते. वर्षातून एकदा सारे कुटुंब एकाच शिवारात, एकाच तिथीला, दिवसभर असते. निरीक्षकाला याहून चांगली सोय कोणती? दर येळवशीला आपल्याच शेतातील पाखरांची यादी करावी. दहा वर्षांत दहा यादी होतील, आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेली नावे त्यांत आपसूक येतील.

३१/ अखेरीस एक लहानशी विनंती. पाखरांच्या आगमनाची बातमी सगळेच देतात. त्यांच्या जाण्याची तारीख मात्र फार थोडे लिहितात, कारण शेवटचे दर्शन शेवटचे होते हे त्या दिवशी कळतच नाही. त्यासाठी पक्षी निघून गेल्यावरही काही सकाळी रिकाम्या तलावावर जावे लागते. तेव्हा गटांत उत्साह नसतो आणि अभिनंदन करायलाही कोणी नसते.

यंदा होळीनंतर आपापल्या तलावावर आणखी तीन-चार फेऱ्या माराव्यात. शेवटचे बदक कोणत्या दिवशी दिसले, ते लिहून ठेवावे. आपल्या गावाच्या तलावाचे नाव खाली प्रतिसादात जरूर द्यावे.

धागा समाप्त.